कोपऱ्यातला रुग्ण: इसेनहाइमच्या वेदीचित्राचा एक प्रकरण अभ्यास

बोटं बर्फासारखी गार होती आणि ताई सांगत होत्या, "डॉक्टर, हाताची नुसती आग आग होतेय हो. ओल्या फडक्यात गुंडाळून बसते, तरी थांबत नाही."

वय पस्तिशीच्या आतलं. दोन्ही हातांची बोटं टोकाला निळसर पडलेली. मनगटाची नाडी मी तीनदा चाचपली, लागली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला लागली, तीही अगदी क्षीण. तंबाखू नाही, मधुमेह नाही, हृदयाचं काही नाही. शेवटी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या, तेव्हा उलगडा झाला. अर्धशिशीसाठी वर्षानुवर्षं घेतलेली एक गोळी, तिच्यात अर्गोटामीन. आणि त्याच आठवड्यात घसा धरला म्हणून सुरू केलेलं मॅक्रोलाइड गटातलं एक प्रतिजैविक. अर्गोटामीनचा निचरा यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच हे प्रतिजैविक अडवून धरतं. मग अर्गोटामीन रक्तात साचत जातं आणि हातापायांच्या रोहिण्या आवळून टाकतं. दोन्ही औषधं बंद केली, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध शिरेतून लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटाची नाडी बोटाला लागली.

केसपेपरवर निदान लिहिलं: अर्गटिझम, म्हणजे धान्यावरच्या अर्गट नावाच्या बुरशीची विषबाधा. अर्गोटामीन हे त्याच बुरशीतलं द्रव्य. मध्ययुगीन युरोपात या आजाराला संत अँथनीचा अग्नी म्हणत. ते नाव मी विद्यार्थीदशेपासून वाचत आलो होतो आणि वर्गात शिकवतही होतो. हात काळा पडतो, कोळशासारखा दिसतो, म्हणून अग्नी, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कळलं की हे नाव पाहणाऱ्याने ठेवलेलं नसावं. ज्याचा हात आहे त्याने ठेवलेलं असावं. बाहेरून गार, आतून आग.

त्या रात्री मी ज्या जुन्या रुग्णाकडे परत वळलो, तो पाचशे वर्षांपूर्वीचा आहे आणि लाकडी फळीवर रंगवलेला आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चित्रातून निदान शिकवताना मी तो बऱ्याचदा वापरतो. त्याचं निदान मी अनेकदा केलं आणि, आता वाटतं, अनेकदा चुकलो.

रुग्ण कुठला

आल्सास प्रांतात, आजच्या फ्रान्सच्या पूर्व कडेला, इसेनहाइम नावाचं एक लहान गाव आहे. तिथे अँटोनाइट पंथाचा मठ होता आणि मठाला जोडून रुग्णालय. या पंथाची सुरुवात सांगतात ती अशी: १०९५च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या गास्तों नावाच्या सरदाराचा मुलगा या अग्नीतून बरा झाला. संत अँथनीच्या अस्थी जिथे ठेवल्या होत्या, तिथेच बापलेकांनी रुग्णांची सेवा सुरू केली. १२९७ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी त्या सेवेकऱ्यांना रीतसर धर्मपंथाचा दर्जा दिला. काळा झगा, त्यावर निळा टी आकाराचा क्रूस, ही त्यांची खूण. पुढे युरोपभर त्यांची शेकडो रुग्णालयं झाली आणि ती मुख्यतः एकाच आजारासाठी होती. आपल्याकडच्या कुष्ठधामांसारखी म्हणा हवं तर.

गोव्यातल्या वाचकांची गफलत होऊ नये म्हणून सांगतो. शिवोलीच्या चर्चमधला, दोरीला बांधलेला साप हाती धरलेला सांत आंतोन तो पादुआचा, तेराव्या शतकातला. हा अँथनी इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी, त्याहून हजारएक वर्षं जुना. त्याचा सण १७ जानेवारीला असतो.

इसेनहाइमच्या मठाचे प्रमुख गिदो गेर्सी यांनी १५१२ ते १५१६ या काळात वेदीमागची चित्रं करून घेतली. मधल्या लाकडी मूर्ती आधीच तयार होत्या, हागेनाउच्या निकोलाउसने १४९०च्या आसपास कोरलेल्या. चित्रकाराला जग ग्रुनेवाल्ड म्हणतं, पण ते त्याचं नाव नव्हे. ते त्याला १६७५ मध्ये एका चरित्रकाराने चुकून चिकटवलं. मूळ नाव माथिस गोथार्ट निथार्ट. तो १५२८ मध्ये हाल्ले शहरात वारला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ही चित्रं जवळच्या कोलमार शहरात हलवली गेली आणि १८५३ पासून तिथल्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहेत.

वेदीचित्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हे एक चित्र नसून दोन जोड्या दारांचं मोठं कपाट आहे असं समजा. दारं मिटलेली असताना समोर क्रुसावरचा येशू दिसतो, त्याच्या एका बाजूला संत सेबास्टियन, दुसऱ्या बाजूला संत अँथनी. पहिली दारं उघडली की देवदूताचा निरोप, येशूचा जन्म, पुनरुत्थान. दुसरी उघडली की मधे कोरीव मूर्ती, सिंहासनावर बसलेला अँथनी, आणि बाजूंना दोन चित्रं: डावीकडे अँथनी आणि पॉल या दोन तपस्व्यांची भेट, उजवीकडे अँथनीचा छळ. माझा रुग्ण या शेवटच्या चित्रात आहे, अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात.

तपासणी

संग्रहालयात आज ही दारं सुटी करून उभी ठेवली आहेत, त्यामुळे प्रत्येक बाजूसमोर उभं राहता येतं. छळाचं चित्र अडीच मीटरहून उंच आहे. गर्दी नसेल तर खालच्या कोपऱ्यासाठी सरळ गुडघ्यावर बसावं. मी बसलो होतो.

पुरुष. अर्धवट बसलेला, मागे रेललेला. डोक्यावर लाल टोपडं, बाकी अंग जवळपास उघडं. मान मागे टाकून तोंड वर केलेलं. कातडी राखाडी-हिरवट, जिवंत माणसाची नसते तशी. पोट फुगून ताणलेलं. अंगभर फोड आणि गळवं, आणि ती घाईने दिलेले ठिपके नव्हेत. एकेका गळवाची कड, आतला पू, भोवतीचा लालसरपणा वेगवेगळा रंगवला आहे. एक हात आखडून वाळलेल्या खुंटासारखा झालेला. आणि पाय बेडकाचे, बोटांच्या मधे पडदा.

विद्यार्थी इथवर आले की हात वर होऊ लागतात.

बहुतेकांचं पहिलं उत्तर अर्गटिझम, कारण रुग्णालयाचं नाव आधीच कळलेलं असतं. आखडलेला हात या बाजूने बोलतो. पण अर्गटिझममधलं कोथ (गँगरीन) कोरडं असतं. बोटं आधी फिकी, मग निळी, मग काळी पडतात, सुकतात, आणि जिवंत व मेलेल्या मांसामधे आखल्यासारखी रेघ उमटते. पू नाही, गळवं नाहीत, फुगलेलं पोट तर नाहीच.

दुसरं उत्तर उपदंश, म्हणजे सिफिलिस. हे उत्तर हुशार आहे. १४९५ मध्ये नेपल्सहून परतणाऱ्या फ्रेंच सैन्यासोबत हा आजार युरोपभर पसरला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत जर्मन मुलखात पोहोचला. तेव्हाचा उपदंश आजच्यापेक्षा कितीतरी उग्र होता, सगळं अंग फोडांनी भरून जाई. ग्रुनेवाल्डने असे रुग्ण रस्त्यावर पाहिले असणार. गळवांचा हिशेब याने लागतो, हाताचा आणि पोटाचा लागत नाही.

प्लेग म्हणावा तर गाठी जांघेत, काखेत, मानेला हव्यात, आणि प्लेगचा माणूस हात वाळून खुंट होईपर्यंत जगत नाही. कुष्ठरोग म्हणावा तर चेहऱ्यावरच्या गाठी कुठे आहेत? शिवाय त्या रुग्णांची वस्ती गावाबाहेर वेगळी असे. पोटापुरतं बोलायचं तर उपासमार किंवा जलोदर सहज बसतं. दुष्काळात माणसं कीड-बुरशी न बघता मिळेल ते धान्य दळून खात, त्यामुळे उपासमार आणि अर्गटिझम हातात हात घालून येत.

उरले पाय. पडदा असलेल्या बेडकाच्या पायाला वैद्यकात निदान नाही. इथे विद्यार्थी हसतात आणि म्हणतात, सर, हे भूत आहे.

आणि इथेच माझी पद्धत फसत होती. एका शरीरावर चार आजारांची चिन्हं आणि शिवाय जनावराचे पाय, याचा अर्थ समोर एखाद्या विशिष्ट रुग्णाची हुबेहूब प्रतिमा नाही. मी मात्र वर्षानुवर्षं त्याच्याकडे वॉर्डातल्या खाटेवरच्या माणसासारखा बघत होतो. एका शरीराला एक निदान, या सवयीने.

लक्षण आणि चिन्ह

वैद्यकात आम्ही दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतो. डॉक्टरला दिसतं, हाताला लागतं, ते चिन्ह. रुग्णाला होतं आणि तो सांगतो, ते लक्षण. ताईंची न लागणारी नाडी हे चिन्ह. "आग आग होतेय" हे लक्षण. जुन्या चित्रांत आजार शोधणारे आम्ही सगळे चिन्हांच्या मागे असतो, कारण चित्र बोलत नाही असं आम्ही धरून चालतो.

आता तेच चित्र पुन्हा बघा, कोपरा सोडून पूर्ण. अँथनी जमिनीवर पाडला गेलाय. त्याचे पांढरे केस धरून त्याला ओढताहेत. काठी आणि जपमाळ धरलेल्या त्याच्या हाताला एक जनावर चावतंय. पक्ष्याच्या चोचीचा एक राक्षस सोटा उगारून उभा आहे. आजूबाजूला शिंगं, खवले, नख्या, वळवळणारी अंगं, रिकामी जागा म्हणून नाही. मागे त्याची झोपडी जळून गेल्यासारखी उभी आहे, नुसते वासे उरलेत आणि त्यांवर काळी भुतावळ. आणि अगदी वर, उजेडात, छोटासा, फार लांब बसलेला परमेश्वर.

अर्गटिझमचे रुग्ण काय सांगत, ते नोंदींमधून कळतं. अंगावर काहीतरी चालतंय, वळवळतंय. हातपाय कुणीतरी पिळतंय, ओढतंय. आतून जळतंय. काहींना भास होत, आकृती दिसत. या विषाचा एक प्रकार हातापायांत कोथ आणतो, दुसरा मेंदू आणि नसांवर जातो. त्या दुसऱ्या प्रकाराला जर्मन भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ चक्क मुंग्या येण्याचा आजार असा होतो. हाताला मुंग्या आल्या असं आपण मराठीत सहज म्हणतो. तिकडे पूर्ण आजाराचं नाव त्याच अनुभवावरून पडलं.

म्हणजे चावणं, ओढणं, वळवळ, जळणं, भास. हे सगळं त्या चित्रात आहे, फक्त कुणाच्या कातडीवर नाही. ते भोवतीच्या जनावरांत आहे, झोपडीच्या वाशांत आहे. गारठा आहे तो कोपऱ्यातल्या माणसाच्या राखाडी-हिरव्या रंगात. गार अंग पुढे, जळकं घर मागे. ताईंचं वाक्य ऐकेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी जोडल्याच नव्हत्या. माझं मत असं झालंय की ग्रुनेवाल्डने इथे आजाराची लक्षणं रंगवली, आणि आम्ही पाचशे वर्षांनी त्यात चिन्हं मोजत बसलो. तपस्व्याला सैतानाने छळलं ही कथा जुनीच, ग्रुनेवाल्डच्या आधी कितीतरी जणांनी रंगवलेली. पण ती या रुग्णालयात टांगली की तिचा अर्थ बदलतो.

कोपऱ्यातला माणूस मग कोण? मला तो दोन्हींच्या मधला वाटतो. अर्धा रुग्ण, अर्धा रोग. वर माणूस, पावलांपासून दुसरंच काहीतरी होत चाललेला. पायापासून सुरू होणारा आजार असलेल्या माणसाला आपल्याच पायांविषयी असंच वाटत असणार.

रोज दिसणारं चित्र

एक गोष्ट मी स्वतः फार उशिरा लक्षात घेतली. ही दारं रोज उघडी नसत. असल्या वेदीचित्रांची दारं सणावारी उघडायची रीत होती आणि सगळ्यात आतला थर मोजक्याच दिवशी दिसे. ज्या कोपऱ्यातल्या माणसावर आम्ही डॉक्टर एवढा काथ्याकूट करतो, तो रुग्णांना वर्षातून क्वचितच भेटत असणार. एरवी त्यांच्यासमोर मिटलेली दारं, म्हणजे क्रुसावरचा येशू.

हा येशू बघवत नाही. मेलेला, जड, हिरवट. ओठ निळे. तळव्यांतून खिळे गेलेले आणि बोटं वर, ताठ, फाकलेली. अनेकांनी या बोटांत अर्गटिझमचे झटके पाहिले आहेत. मला ते पटत नाही. त्या झटक्यांत मनगट आणि बोटं आत वळतात, मुठीसारखी. ही बोटं बाहेर फाकलेली आहेत, खिळ्याच्या वेदनेने. अंगभर जे फोड म्हणून सांगतात, तेही जवळून पाहिल्यावर वेगळे निघतात. जखमांत काटे मोडून राहिलेत, लहान-लहान, कातडीत रुतलेले. काटेरी फांद्यांनी मारलेल्या माणसाचं ते अंग आहे. चित्रकाराने येशूला अर्गटिझम दिलेला नाही. पण खाटेवरून किंवा कुबडीवर येऊन पाहणाऱ्याला ते अंग ओळखीचं वाटावं, एवढं जवळ नेऊन ठेवलंय, हे मात्र नक्की. बाजूला उभे असलेले दोन संतही नीट निवडलेले आहेत, सेबास्टियन प्लेगसाठी, अँथनी अग्नीसाठी.

दारांची फट येशूच्या मधोमध जात नाही. क्रूस थोडा उजवीकडे सरकवला आहे, आणि दार उघडताना येशूचा एक हात बाकी अंगापासून वेगळा होतो. खालच्या पट्टीत येशूचं कलेवर आडवं ठेवलंय. ती पट्टी उघडताना पाय तुटतात. काही कलाइतिहासकारांनी याचा संबंध अवयव कापण्याशी जोडला आहे. मधोमध फट पाडून देहाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून क्रूस सरकवला असेल, असंही म्हणता येतं. हेतू काही असो, दिसायचं ते दिसत होतं.

अवयव कापणं म्हणजे काय होतं, ते त्याच प्रदेशातल्या एका माणसाने लिहून ठेवलंय. स्ट्रासबुर्गचा शल्यचिकित्सक हान्स फोन गेर्सडोर्फ. वेदीचित्र पुरं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, त्याचा जखमांवरच्या उपचारांचा ग्रंथ छापला गेला. स्ट्रासबुर्गच्या संत अँथनीच्या रुग्णालयात आपण शंभर-दोनशे अवयव कापले असतील, असं तो सांगतो. ग्रंथात पाय कापतानाचं एक चित्र आहे. शेजारी एक माणूस उभा आहे, त्याचा हात आधीच गेलेला, थोटकावर आवरण बांधलेलं, आणि अंगावर अँटोनाइटांचा टी. तो तिथे नुसता उभा राहून बघतोय. वेदीचित्रासमोर असेच लोक उभे असत. भूल नव्हती त्या काळात.

उपचार

दोन तपस्व्यांच्या भेटीच्या चित्रात खाली जमिनीवर झाडपाला आहे आणि तो शोभेपुरता नाही. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यांनी त्यातली डझनभराहून जास्त झाडं नावानिशी ओळखली आहेत. आपल्या इसबगोलाच्या कुळातलं एक रोप त्यात आहे, अफूच्या भावकीतलं लाल फूल आहे, जेन्शियनची जात आहे. मठात अशा वनस्पतींचे मलम आणि काढे होत. संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन रुग्णाला तीर्थासारखी दिली जाई. डुकराची चरबी मलमात जाई. अँटोनाइटांची डुकरं गळ्यात घंटा बांधून गावात मोकाट फिरत, त्यांना कुणी हाकलत नसे. अँथनीच्या मूर्तीशेजारी भक्तांनी आणलेला कोंबडा आणि डुकराचं पिल्लू आजही कोरलेलं दिसतं.

यातल्या कशाने किती गुण येत होता हे सोडा. गुण येत होता, हे खरं आहे, आणि त्याचं कारण बहुधा ताटात होतं. मठात रुग्णाला चांगल्या धान्याचा पाव मिळे. घरचा पाव सुटे.

विष घरच्या पावात होतं. राय नावाचं धान्य तिकडच्या गरिबाचं मुख्य अन्न (आपली फोडणीची राई नव्हे, हे गव्हाच्या नात्यातलं तृणधान्य). थंड, ओल्या वर्षी त्याच्या कणसात दाण्याच्या जागी जांभळट-काळी, कोंबड्याच्या नखीसारखी वाकडी गाठ येते. अर्गट या शब्दाचा जुन्या फ्रेंचमधला अर्थच नखी असा आहे. ती एका बुरशीची गाठ, क्लॅव्हिसेप्स परप्युरियाची. दाण्यांबरोबर तीही दळली जाई. ८५७ साली ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला अंग सुजून, सडून, अवयव गळून पडल्याची नोंद एका मठाच्या बखरीत आहे. पण धान्य आणि आजार यांची सांगड शास्त्रीय पातळीवर घातली गेली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये, म्हणजे ग्रुनेवाल्डनंतर दीडशे वर्षांनी. बुरशीचं जीवनचक्र ल्वी त्युलान यांनी १८५३ मध्ये उलगडलं. अर्गोटामीन वेगळं काढलं गेलं १९१८ मध्ये बासेलला, इसेनहाइमपासून फार लांब नसलेल्या शहरात. तीच ताईंच्या गोळीतली गोष्ट. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आपल्या प्रसूतिगृहांत जे मेथर्जिन ठेवलेलं असतं, तेही याच घराण्यातलं. तिथे हा आवळण्याचा गुण जीव वाचवतो.

माझा स्वतःचा या बुरशीशी परिचय वैद्यकातून झाला नाही. आम्ही माण तालुक्यातले, बाजरीवर वाढलेले. फुलोऱ्याच्या वेळी आभाळ भरून राहिलं आणि झिमझिम लागली की काही कणसांवर गुलाबीसर, मधासारखे थेंब येत. हात लावला की बोटं चिकटत, आणि मुंगळे कणसावर चढलेले असत. कृषी खात्याची माणसं त्याला अरगट म्हणत, गावात कुणी साखऱ्या म्हणे. पुढे त्याच जागी बारीक काळसर, कडक गाठी धरत. सातारा जिल्ह्यात १९५६ मध्ये बाजरीवर याची मोठी साथ आली होती, देशातली नोंदलेली पहिली. तशी बाजरी खाल्लेल्यांना मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येई, आणि दिवस-दोन दिवसांत माणूस सावरे. बोटं काळी पडत नसत, कारण बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची आणि तिचं विष वेगळं.

पेरणीआधी वडील दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवत आणि बी त्यात ओतून काठीने ढवळत. वर तरंगेल ते हलकं, रोगट बी परातीने काढून जाळायचं. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. तरंगलेल्या बियांत त्या काळ्या गाठी वेगळ्या दिसत. मी त्या निवडून तळहातावर घेई आणि आई ओरडे, "टाक ते आधी, हात धू."

कोलमारला त्या चित्रासमोर गुडघ्यावर बसलो असताना मला आईचा तो आवाज आठवला. इसेनहाइमच्या बायकांना असं ओरडायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या गाठी दळून त्यांनीच मुलांना पाव केला असणार.

तक्रार

ताई आठव्या दिवशी घरी गेल्या. उजव्या करंगळीच्या टोकाची कातडी सुकून निघाली, बाकी हात शाबूत. अर्धशिशीला दुसरं औषध लावलं. जाताना त्यांनी विचारलं, "गार हाताची आग कशी काय होते हो डॉक्टर?" रक्त तुटलं की नसा उपाशी पडतात आणि उपाशी नस ओरडते, तेच आगीसारखं वाटतं, असं मी सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. मला पटायला वीस वर्षं लागली होती.

आता विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवताना मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. डाव्या कोपऱ्यातला माणूस झाकून ठेवतो आणि उजवा कोपरा दाखवतो. तिथे, त्याच खालच्या कडेला, एक कागदाचा तुकडा रंगवलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, संत अँथनीच्या चरित्रातली. चित्रात अँथनीचं तोंड उघडं आहे, पण वाक्य त्याच्या तोंडाशी लिहिलेलं नाही. ते खाली एका कागदावर ठेवलंय, रुग्णाच्या बरोबरीने, चित्राच्या दुसऱ्या टोकाला.

आमच्या केसपेपरवर तपासणीच्या आधी एक रकाना असतो: मुख्य तक्रार. तो रुग्णाच्याच शब्दांत भरायचा, वैद्यकीय शब्द वापरायचे नाहीत, असा दंडक असतो. इसेनहाइमच्या केसपेपरवर तो रकाना भरलेला आहे.

"कुठे होतास, भल्या येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस?"